पाणथळ जागांचा कायदा : आपल्या तळ्या-बावखलांना तो लागू होतो का?

दरवर्षी २ फेब्रुवारी हा दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळला जातो. १९७१ साली ह्याच दिवशी इराणमधील रामसर ह्या गावी पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत ह्या करारात १९८२ साली सामील झाला. त्या दिवशी शाळांतून चित्रकलेच्या स्पर्धा होतात आणि वर्तमानपत्रांत रोहित पक्ष्यांची छायाचित्रे झळकतात. परंतु वसई परिसरातील आपल्या धर्मग्रामांत विचारले जाणारे प्रश्न वेगळे आहेत. वाडीतले बावखल बुजवून घर बांधता येईल का? मिठागरात रात्री मातीचे डंपर रिकामे होतात, तक्रार कोणाकडे करावी? भातशेतीची जमीन उद्या सरकार पाणथळ म्हणून जाहीर करील काय? ह्या प्रश्नांची उत्तरे बहुधा ऐकीव माहितीवर दिली जातात आणि त्यातून एकीकडे भीती, तर दुसरीकडे बेफिकिरी वाढते. म्हणून हा कायदा काय आहे, तो कोठे लागू होतो आणि कोठे होत नाही, हे आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

पाणथळ म्हणजे नेमके काय?

रामसर कराराची व्याख्या फार विस्तृत आहे. दलदल असो वा तळे, नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमचे असो वा हंगामी, पाणी गोडे असो, मचूळ असो वा खारे, अशा सर्व जागा तिच्यात येतात. ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा अधिक खोल नसलेले समुद्राचे पाणीही तिच्यात धरले आहे. ह्या व्याख्येनुसार पाहिले तर खाडी, तिवरांची झाडी, खाजण, मिठागर, गावतळे आणि वाडीतील बावखल ही सारी पाणथळच होत.

आपल्या भूभागाची ठेवण लक्षात घेतली, तर ह्या जागांचे काम सहज कळते. वसई तालुक्याच्या पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणेची खाडी आणि दक्षिणेस वसईची खाडी आहे. डोंगरावर पडलेला पाऊस उताराने सखल भागात येतो आणि तेथून खाड्यांकडे जातो. मध्ये उत्तर-दक्षिण धावणारा रेल्वेचा भराव आहे. पाऊस जोरात असताना समुद्राला मोठी भरती आली, तर खाडीचे पाणी चढलेले असते आणि जमिनीवरचे पाणी खाडीत उतरू शकत नाही. ओहोटी लागेपर्यंतचे काही तास हे पाणी कोठेतरी थांबावे लागते. ते आजवर भातखाचरांत, खाजणांत आणि मिठागरांत थांबत आले. शंभर हेक्टर सखल जमिनीवर केवळ एक फूट पाणी साचले, तरी ते सुमारे तीस कोटी लिटर भरते. ती जमीन भराव घालून उंच केली, तर हेच तीस कोटी लिटर पाणी शेजारच्या वस्तीत शिरते.

जुलै २०१८ मध्ये हे आपण सर्वांनी पाहिले. वसई-विरार-नालासोपारा भागात रेल्वेमार्ग पाण्याखाली गेले, लोकलसेवा बंद पडली, अनेक वस्त्यांत वीज नव्हती आणि मिठागरांत अडकलेल्या कामगार कुटुंबांच्या सुटकेसाठी यंत्रणेला धावावे लागले. त्यानंतर पुराची कारणे शोधण्यासाठी महापालिकेला आयआयटी मुंबई आणि नीरी ह्या संस्थांच्या तज्ज्ञांची मदत घ्यावी लागली.

बावखलाचे काम ह्याहून निराळे, पण तितकेच मोलाचे आहे. पावसाचे पाणी साठवावे, ते जमिनीत मुरून विहिरींना पोहोचावे आणि रहाटाने उपसून केळीच्या बागा, पानमळे व फुलझाडे जगवावीत, ह्यासाठी आपल्या पूर्वजांनी बावखले खोदली. पाच गुंठ्यांचे आणि सरासरी दोन मीटर खोलीचे बावखल भरले, तर त्यात सुमारे दहा लाख लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे झाल्यास हे शंभर टँकर होतात. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोड्या पाण्याचा हा दाब कमी झाला की समुद्राचे खारे पाणी आत सरकते आणि विहिरी मचूळ होतात. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी होण्यास अनेक पावसाळे लागतात.

कायदा कसा घडला?

आपल्या देशात पाणथळ जागांसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ ह्या कायद्याखाली केंद्र सरकारने नियम तयार केले. पहिले नियम डिसेंबर २०१० मध्ये आले आणि त्यांत मुख्य अधिकार केंद्रीय प्राधिकरणाकडे होते. त्यांच्या जागी सप्टेंबर २०१७ मध्ये नवे नियम आले. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ ह्या नावाने ते ओळखले जातात आणि त्यांत प्रत्येक राज्यात पाणथळ प्राधिकरण नेमण्याची तरतूद आहे. राज्याचे पर्यावरणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात.

ज्या पाणथळ जागेस हे नियम लागू होतात, तेथे काय करता येत नाही, हे स्पष्टपणे सांगितले आहे. जागेचा अन्य कामासाठी वापर करणे, अतिक्रमण करणे, उद्योग उभारणे किंवा वाढविणे, घनकचरा व बांधकामाचा राडारोडा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे आणि शिकार करणे ह्यांस मनाई आहे. गेल्या दहा वर्षांतील पुराच्या सरासरी उच्च पातळीपासून पन्नास मीटरच्या आत, होड्यांचा धक्का वगळता, पक्के बांधकाम करता येत नाही. राज्याने विनंती केल्यास केंद्र सरकार ह्यांतून सूट देण्याचा विचार करू शकते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

ह्या नियमांनी माणसाला पाण्यापासून दूर लोटलेले नाही. त्यांचा पाया ‘सुज्ञ वापर’ ह्या तत्त्वावर आहे. जागेचे नैसर्गिक स्वरूप टिकवून मासेमारी, गुरे चारणे, गवत कापणे असे वापर चालू राहू शकतात. जागा अधिसूचित करण्यापूर्वी जो संक्षिप्त दस्तऐवज तयार करावयाचा असतो, त्यात तेथील लोकांचे पूर्वापार हक्क नोंदविणे आवश्यक आहे. त्यानंतर मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती व सूचनांसाठी साठ दिवसांची मुदत असते. प्राधिकरणाच्या शिफारशीपासून दोनशे चाळीस दिवसांच्या आत अंतिम अधिसूचना निघावी, असे बंधन आहे.

कोणत्या जागा कायद्याबाहेर राहिल्या?

येथे आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. रामसर करारातील व्याख्या जितकी विस्तृत, तितकी २०१७ च्या नियमांतील व्याख्या विस्तृत नाही. नद्यांची पात्रे आणि भातखाचरे तीतून वगळली आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळले आहेत. मत्स्यशेती, मीठ-उत्पादन, मनोरंजन आणि सिंचन ह्यांसाठी मुद्दाम तयार केलेल्या रचनाही वगळल्या आहेत. म्हणजेच मीठ पिकवण्यासाठी बांधलेले मिठागर आणि बागायतीसाठी खोदलेले बावखल, ही दोन्ही ह्या व्याख्येबाहेर पडतात.

ह्याशिवाय हे नियम सर्वत्र आपोआप लागू होत नाहीत. रामसर यादीतील स्थळे आणि सरकारने अधिसूचित केलेल्या जागा, एवढ्यांपुरतेच ते आहेत. वनक्षेत्र, अभयारण्ये आणि सागरी किनारा नियमन क्षेत्र ह्यांतील पाणथळ जागांना त्या त्या विषयाचे वेगळे कायदे लागू होतात.

आता नकाशाकडे पाहू. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने उपग्रहाच्या साहाय्याने देशभरातील पाणथळ जागांचा नकाशासंग्रह तयार केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ जागा मोजल्या गेल्या. त्याहून लहान अशा साडेपाच लाखांहून अधिक जागा केवळ ठिपक्यांच्या रूपाने दाखविल्या गेल्या. सव्वादोन हेक्टर म्हणजे सुमारे साडेपाच एकर. आपल्याकडील एकही बावखल एवढे मोठे नसते. गंमत अशी की, ह्या नकाशासंग्रहात मिठागरे आणि तळी हे पाणथळीचे प्रकार म्हणून नोंदलेले आहेत. नकाशा ज्याला पाणथळ म्हणतो, त्याला नियम पाणथळ म्हणत नाही. बहुतेक वादांचे मूळ ह्या विसंगतीत आहे.

मानवनिर्मित जागा वगळण्यामागे काही कारण नव्हते असे नाही. देशातील प्रत्येक भातखाचर पाणथळ ठरले असते, तर विहीर खोदण्यास वा गोठा बांधण्यास शेतकऱ्याला प्राधिकरणाचे उंबरठे झिजवावे लागले असते. ही भीती रास्त आहे. तथापि, माणसाने केलेली जागा निसर्गाच्या उपयोगाची नसते, हा समज बरोबर नाही. आपल्याच राज्यातील एक उदाहरण तो खोटा ठरविते.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा ह्या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साचला, उथळ पाणी पसरले, पाणवनस्पती वाढल्या आणि दूरदेशीचे पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणून ते जाहीर झाले. त्यानंतर लोणारचे सरोवर आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी त्या यादीत आली. त्याच वर्षी गोव्यातील नंदा तळेही यादीत समाविष्ट झाले. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर आजही कालव्याखालच्या शेतकऱ्यांचा हक्क आहे. पक्ष्यांना उथळ पाणी हवे, शेताला आवर्तन हवे आणि काठच्या शेतकऱ्याला आपले शेत कोरडे हवे. ह्या तिघांचा मेळ घालणे सोपे नाही. पण सिंचनासाठी बांधलेले म्हणून ते जलाशय नगण्य ठरले नाही, एवढे निश्चित.

किनाऱ्यावरील नियम आणि शेतकऱ्यांची व्यथा

खाडीकाठच्या जागांना सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू होते. ती प्रथम १९९१ मध्ये निघाली, २०११ मध्ये नव्याने आली आणि त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा बदलली. तिवरांची वने, क्षारयुक्त दलदली आणि जैवविविधतेने समृद्ध असा चिखलपट्टा ह्यांना तिच्यात सर्वाधिक संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरतोडीस व त्यांवरील भरावास मनाई करणारा अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असे त्या निकालाचे सार आहे. जमीन सरकारी असो वा खासगी, तिवरे तोडता येत नाहीत आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पास न्यायालयाच्या अनुमतीने अपवाद मिळू शकतो. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी सुमारे बावीस हजार तिवरे तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अशी अनुमती दिली.

ह्या संरक्षणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोकणात खाजणजमिनीला बांध घालून भात पिकवण्याची रीत जुनी आहे. ह्या बांधांसाठी राज्यात १९७९ चा खारभूमी विकास अधिनियम आहे. गोव्यातील खाजणांतही बांध आणि पाणी आत-बाहेर करणारी मानस ही व्यवस्था गावाने शतकानुशतके सांभाळली. बांधाची डागडुजी झाली नाही की तो फुटतो, भरतीचे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात. २०१९ च्या अधिसूचनेनुसार १९९१ पूर्वीचा बांध असेल, तर भरतीरेषा त्या बांधापाशी थांबते. परंतु खारे पाणी आत शिरून बांधामागे तिवरे वाढली असतील, तर ती जागा सर्वाधिक संरक्षित वर्गात जाते. रायगड जिल्ह्यातील खारेपाटातील अनेक शेतकऱ्यांची व्यथा हीच आहे. ज्यांची शेती सरकारी बांध वेळेवर दुरुस्त न झाल्याने बुडाली, त्यांना आता तेथे परत भात लावता येत नाही आणि सातबारा मात्र त्यांच्याच नावावर आहे.

ही व्यथा बाजूला सारून पाणथळ जागांचे रक्षण होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाडीतील बावखल राखणारे कुटुंब साऱ्या आळीच्या विहिरींना पाणी पुरविते. त्याचा मोबदला त्याला कोणी देत नाही. नियमांत मनाई आहे, पण मालकास भरपाईची तरतूद नाही. जमिनीचे भाव वाढत असताना केवळ मनाईच्या जोरावर माणसे किती काळ थांबतील? बावखल राखणाऱ्यास घरपट्टीत सवलत, बांधाच्या दुरुस्तीस निश्चित निधी, गाळ काढण्यास साहाय्य अशा उपायांची मागणी लोकप्रतिनिधींकडे नेटाने केली पाहिजे.

मिठागरांचा प्रश्न ह्याहून बिकट आहे. ती जमीन बहुतांशी सपाट, विस्तीर्ण आणि शहराला चिकटलेली असल्यामुळे घरबांधणीसाठी तिच्यावर सर्वांची नजर आहे. धारावी पुनर्विकासातील घरांसाठी मुंबईतील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन वापरण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. गरिबाला घर हवे, हे कोण नाकारील? परंतु ते घर पुराच्या वाटेवर उभे राहिले, तर पहिला फटका त्याच गरिबाला बसणार, हेही तितकेच खरे.

न्यायालयांनी काय केले?

कायद्यातील पोकळी काही अंशी न्यायालयांनी भरून काढली. महाराष्ट्रातील पाणथळ जागांवर भराव घालण्यास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये प्रतिबंध केला. पुढे तक्रारींच्या निवारणासाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००१ व २०११ मधील दोन निकालांत गावतळी ही साऱ्या गावाची मालमत्ता असून ती कोणास गिळंकृत करू देऊ नये, असे बजावले. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने नकाशासंग्रहातील २,०१,५०३ जागांना, अधिसूचना निघालेली नसली तरी, नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण द्यावे असा आदेश दिला. नवीन नकाशासंग्रहात हा आकडा २,३१,१९५ झाला आहे. त्या सर्व जागांची प्रत्यक्ष पाहणी व सीमांकन तीन महिन्यांत पूर्ण करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना सांगितले.

प्रत्यक्ष पाहणी म्हणजे तलाठी, भूमापक व तज्ज्ञ ह्यांनी जागेवर जाऊन नकाशाशी ताडून पाहणे. एखादी जागा ‘मानवनिर्मित’ म्हणून यादीबाहेर जाते की पाणथळ म्हणून राहते, हे अशाच पाहणीत ठरते. त्या वेळी गावातील जाणती माणसे पुढे आली नाहीत, तर कागदावर जे लिहिले जाईल ते कायम होण्याचा धोका आहे.

आपण काय करू शकतो?

प्रथम, आपल्या गावातील पाण्याच्या जागांची नोंद करावी. प्रत्येक तळे, बावखल, ओहोळ आणि खाजण ह्यांचा सर्व्हे क्रमांक, सातबाऱ्यावरील नोंद, गावनकाशावरील खूण आणि अंदाजे क्षेत्र वहीत उतरवावे. पावसाळ्यात व उन्हाळ्यात तारखेसह छायाचित्रे काढावीत. वृद्धांकडून पाणी कोठून येत असे व कोठे जात असे, हे लिहून घ्यावे. धर्मग्रामातील युवक-युवतींनी हे काम मनावर घेतले, तर एका उन्हाळ्यात ते पूर्ण होईल.

दुसरे, विकास आराखडा, किनारा व्यवस्थापन आराखडा वा पाणथळ जागेचा मसुदा प्रसिद्ध झाला की मुदतीच्या आत लेखी हरकत किंवा सूचना द्यावी आणि पोच घ्यावी. सभेतील भाषणापेक्षा पोच असलेला अर्ज पुढे अधिक उपयोगी पडतो.

तिसरे, भराव चालू असेल तर ठिकाण, सर्व्हे क्रमांक, दिनांक आणि छायाचित्र ह्यांसह तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि महापालिका ह्यांना लेखी कळवावे. दखल न घेतल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाकडे जाता येते. पर्यावरणविषयक वादाचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, म्हणून विलंब करू नये. पर्यावरण अधिनियमातील शिक्षेचे स्वरूपही बदलले आहे. पूर्वी कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जन विश्वास अधिनियमानंतर तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे.

चौथे, ज्यांच्या मालकीचे बावखल आहे त्यांनी ते बुजविण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या विहिरींचा विचार करावा, आणि शेजाऱ्यांनी त्याच्या गाळकाढणीच्या खर्चात वाटा उचलावा. ह्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ ह्या विश्वपरिपत्रकात पाणथळ जमिनींचे शेतीत रूपांतर झाल्याने होणाऱ्या जैवविविधतेच्या हानीचा आणि किनाऱ्यावरील तिवरांच्या ऱ्हासाचा उल्लेख केला होता. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी त्याच्या कितीतरी आधी हरित वसईच्या चळवळीतून पाणी आणि जमीन ह्यांचा प्रश्न येथील जनतेपुढे ठेवला होता. त्या काळी नियम नव्हते. आज नियम आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत, परंतु ज्या जागेची नोंद नाही तिच्यासाठी ते फारसे काही करू शकत नाहीत. मिठागर व बावखल व्याख्येत यावीत, ह्यासाठी प्रयत्न चालूच राहिले पाहिजेत. तोपर्यंत त्यांची नोंद करून ठेवणे आपल्या हाती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामात ह्या कामाचा आरंभ व्हावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे.